थेंबे थेंबे

सकाळी उठले की तोंड धुवायच्याही आधी मी ओट्यावर एक बाटली भरून ठेवते. साधी पारदर्शक बाटली, बाहेरून मार्करने रेघा मारलेली. रेघा महिन्याभरात पुसट होतात, मग मापाने पाणी ओतून मी त्या नव्याने मारते. साडेसातशे मिलिलिटर. माझ्या नवऱ्याने दिवसभरात घशाखाली उतरवायचं ते एवढंच. चहा घेतला तर तेवढं पाणी बाटलीतून सिंकमध्ये ओतायचं. रात्रीच्या गोळ्यांसाठी चार घोट आधीच बाजूला काढायचे. बर्फाचा खडा चघळला तर तोही हिशेबात धरायचा, कारण बर्फ म्हणजे पाणीच, फक्त ते कबूल करायला जरा वेळ लावतं.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण बाकीच्या घरांत मुलांना बचत शिकवायला वापरतात. आमच्याकडे ती धमकी आहे. नवऱ्याच्या घोट्याच्या वर अंगठा दाबायचा, जरा वेळ धरायचा, सोडायचा आणि खळगा राहतो का बघायचं. मी वाकलेली दिसले की लेक आतल्या खोलीतून ओरडते, "साचलं का तळं?"

त्याच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या त्याला आता सहावं वर्ष लागलंय. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारनंतर दोन दिवसांची सुट्टी येते आणि हीच सुट्टी आम्हाला नको असते. रविवारी रात्री श्वास जड होतो, उशा दोनाच्या तीन होतात. सोमवार उजाडायची वाट बघणारे आमच्यासारखे लोक फार नसावेत.

किडनी हा अवयव अतिशय सोशिक असतो, हे मला फार उशिरा कळलं. (सुरुवातीला मी आग्रहाने 'मूत्रपिंड' म्हणायचे. पण आजाराला शेवटी दवाखान्यातल्या नावानेच हाक मारली जाते.) मुठीएवढा अवयव, एकेकात साधारण दहा लाख गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीराला परत करतात आणि दीड-दोन लिटर तेवढं बाहेर टाकतात. निम्म्या गाळण्या गेल्या तरी उरलेल्या निमूटपणे त्यांचं काम अंगावर घेतात. दुखणं नाही, खुपणं नाही. दाढ बरी त्यापेक्षा. ठणकते, आरडाओरडा करते, माणसाला डॉक्टरकडे पिटाळते.

नवऱ्याचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता. गोळी होती, पण बरं वाटतंय म्हणून मधेमधे सुटायची. मग संध्याकाळी बूट घट्ट व्हायला लागले. भूक गेली. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते म्हणायचा. आठ महिने आम्ही हे सगळं वयावर, कामाच्या ताणावर आणि नव्या बुटांवर ढकललं. शेवटी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ९.४. असायला हवं एकच्या आसपास. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा केला, कोऱ्या बाजूला पेन्सिलीने दोन किडन्या काढल्या आणि त्या गिरवत गिरवत जवळजवळ पूर्ण काळ्या केल्या. मग पेन्सिल खाली ठेवली. बोलणं त्यानंतर बराच वेळ चाललं, पण मला जे कळायचं ते पेन्सिल ठेवली तेव्हाच कळलं होतं.

त्याच आठवड्यापासून घरात एक शब्द यायला लागला. फोनवरून, दारातून, मेसेजमधून. पॉझिटिव्ह राहा. मन खंबीर असलं की अर्धा आजार पळतो, असंही बऱ्याच जणांनी सांगितलं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते मात्र कोणी सांगेना.

डायलिसिस युनिटमध्येही 'पॉझिटिव्ह' हा शब्द रोज कानावर पडतो, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू असतो त्यांचं मशीन स्वतंत्र ठेवतात, दुसऱ्याला संसर्ग नको म्हणून. "यांना तीन नंबर नको, ते पॉझिटिव्हचं आहे," असं टेक्निशियन एकमेकांना सांगत असतात. पहिल्याच महिन्यात माझी मावशी त्याला भेटायला आली. आत सोडत नाहीत, म्हणून दारातूनच तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "अहो जावई, तुम्ही फक्त पॉझिटिव्ह राहा!" शेजारच्या दोन खाटांवरच्या माना गर्रकन वळल्या. नवरा इतका हसला की हात हलला आणि मशीनचा अलार्म वाजायला लागला. आजारपणातलं ते त्याचं पहिलं हसू. म्हणजे मावशीचा सल्ला लागू पडला म्हणायला हवं.

पण हा शब्द नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मला एका रात्री कळलं. दिवा मालवल्यावर तो म्हणाला, "मी नीट पॉझिटिव्ह राहत नाही म्हणून तर आकडा खाली येत नसेल?" आयुष्यभर जमाखर्च लिहिलेला माणूस. खात्यात जे नाही ते कागदावर दाखवायचं नाही, हा त्याचा बाणा. आणि तो हे विचारत होता, गृहपाठ न केलेल्या मुलासारखं. मला त्याचा नाही, त्या सगळ्या फोन करणाऱ्यांचा संताप आला. माणूस किडन्या घालवून बसलाय आणि वर आपण त्याला मार्क कापतोय.

त्यानंतर मी वाचायला लागले. जेम्स कॉइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरचे हजारावर रुग्ण. उपचाराच्या सुरुवातीला त्यांची मनःस्थिती काय होती याची नोंद होती. त्या मनःस्थितीवरून कोण किती जगेल याचा काही अंदाज बांधता येतो का, हे त्यांनी तपासलं. नाही येत. आनंदी होते म्हणून जास्त जगले असं दिसलं नाही, खचले होते म्हणून लवकर गेले असंही नाही. आजार वेगळा, हे मला समजत होतं. तरी मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चिडलं तरी चालेल?"

"चालेल."

"मग आधी ही उशीची खोळ बदल. चार दिवस सांगतोय."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी वाचणाऱ्याची दिशाभूल केल्यासारखं होईल. चिडणं वेगळं आणि उदासीचा आजार वेगळा. दुसऱ्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. "आज नको जाऊ या," असं दोनदा म्हणाला. डायलिसिस चुकवणं म्हणजे रक्तातलं पोटॅशियम वाढू देणं, आणि त्याने हृदय थांबू शकतं. माझी समजूत घालण्याची सगळी कला तिथे संपली. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, गोळ्या सुरू झाल्या, किडनीच्या डॉक्टरांना विचारून त्यांचा डोस ठरला. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी त्याने स्वतःहून दाढी केली. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. ज्या आजाराला औषध आहे त्याला उपदेश देऊ नये.

आता पाण्याबद्दल. कारण सहा वर्षांत आमची खरी भांडणं झाली ती पाण्यावरून.

पहिला उन्हाळा होता. रात्री दीड वाजता मला जाग आली, शेजारी कोणी नाही. बेसिनवरचा दिवा लागलेला. तो दात घासत होता. रात्री दीड वाजता. मी अंधारात उभी राहून आरशात बघत होते. त्याने चूळ भरली, आणि त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. थुंकला, पण थोडंसंच. दुसरी चूळ. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"गिळलंस."

"नाही."

"मी बघितलं."

"तू आता माझ्या घशावर पहारा देणार?"

मी काही बोलले नाही. वाकले आणि बेसिनखालची तोटी फिरवून पाणी बंद केलं. ती तोटी कधी फिरवलेली नसल्यामुळे घट्ट झाली होती, दोन्ही हात लावावे लागले. तेवढा सगळा वेळ तो ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत होता. ओठांच्या कोपऱ्यात फेस तसाच. मग तो तिथेच फरशीवर बसला, गार फरशीला पाठ लावून. मी जाऊन झोपले. म्हणजे डोळे मिटून पडले. तहानलेल्या माणसाचं पाणी मी तोडलं होतं आणि वैद्यकशास्त्र माझ्या बाजूने होतं.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर चार किलो शंभर ग्रॅम जास्त. डायलिसिसवर असलेल्या माणसाचं एक 'ड्राय वेट' ठरवलेलं असतं. अंगात साठलेलं पाणी वजा केलं की जे उरतं ते. त्याच्यावर जेवढं चढलं असेल तेवढं मशीनने चार तासांत खेचायचं. किडन्या जे काम दिवसभर सावकाश करतात ते असं घाईने करायला गेलं की प्रेशर धाडकन पडतं आणि पायात गोळे येतात. काचेबाहेरून मला दिसत होतं. पोटरीत गोळा आलेला, टेक्निशियन त्याचा पंजा छातीशी धरून मागे रेटतोय, आणि नवऱ्याचं तोंड उघडं, पण काचेमुळे आवाज नाही.

त्याच दिवशी त्या टेक्निशियनने मला एक हिशेब सांगितला. मशीनच्या गाळणीत पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहतं आणि दुसऱ्या बाजूने शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार मिसळून केलेला द्राव. तो मिनिटाला अर्धा लिटर वाहतो. म्हणजे तासाला तीस, चार तासांत १२० लिटर. एकाच पेशंटला. भिंतीपलीकडे ते पाणी शुद्ध करणारं यंत्र घुमत असतं, त्याचा आवाज मी रोज ऐकायचे, पण तो पाण्याचा आहे हे माहीत नव्हतं. दोन चुळांवरून मी ज्याचा नळ तोडला त्याच्या रक्ताशेजारून १२० लिटर पाणी वाहत जाऊन ड्रेनेजला मिळत होतं. मी बाकावर बसून आधी हसले आणि मग बराच वेळ रडले. शेजारच्या बाईंनी न विचारता रुमाल पुढे केला. त्या बाकावर कोणी कोणाला का ते विचारत नाही.

त्या रात्री मी बाटली त्याच्या हातात दिली. "ही तुझी. रेघा मी मारीन. कधी प्यायचं, किती प्यायचं, ते तू बघ. मी घशाकडे बघणार नाही." सोपं गेलं नाही. कित्येक दिवस तो पाणी प्यायला लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पण त्याने एक वही काढली. तारीख, वजन, पाणी, प्रेशर, चार रकाने. रात्री बाराला दिवस बंद. वजन काही डॉक्टरांना हवं तिथे येऊन थांबलं नाही, पण दोन डायलिसिसच्या मधली वाढ अडीच किलोच्या आसपास राहायला लागली. चार किलोवर पुन्हा एकदाच गेली, आणि त्या दिवशी त्याने रकान्यात लाल पेनने लिहिलं, 'लग्न. दुसऱ्याचं.'

बाकावरचे चार तास मी वाचण्यात घालवते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरची ओळख तिथलीच. १९३८ साली, तरुण असताना, त्याच्यासमोर बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा किडन्या निकामी होऊन गेला. पाच वर्षांनी, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, काम्पेन नावाच्या छोट्या गावातल्या दवाखान्यात त्याने कृत्रिम किडनी तयार केली. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या ढोलाभोवती गुंडाळली, त्या नळीत रक्त सोडलं आणि ढोल मिठाच्या द्रावाने भरलेल्या टबात फिरवला. युद्धाचे दिवस, धातू मिळायची मारामार. पहिल्या सोळा रुग्णांपैकी पंधरा गेले. जो एक वाचला तो या यंत्रामुळेच वाचला, असंही म्हणता येत नव्हतं.

हा माणूस पंधरा मृत्यूंनंतर सकाळी उठून टब कसा भरत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याच्या आशावादाबद्दल कुठे काही सापडतं का ते बघत होते. सापडल्या त्या नोंदी. कोणाचं युरिया किती होतं, किती उतरलं, रक्त कुठे गोठलं, नळी कुठे फाटली. माझ्या नवऱ्याच्या वहीची थोरली बहीण शोभेल असा प्रकार.

सतरावा रुग्ण म्हणजे सदुसष्ट वर्षांची एक बाई, सप्टेंबर १९४५ मधली. ती बेशुद्धीतून उठली आणि पुढे सहा-सात वर्षं जगली. आणि ती कोण, तर नाझींना सामील झाली म्हणून तुरुंगात टाकलेली, गावाला नकोशी झालेली बाई. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय सांगितलं, तर आता मी नवऱ्यापासून घटस्फोट घेणार, अशी आठवण कोल्फ सांगत असत. मला ही बाई फार आवडते. आवडण्यासारखं तिच्यात काही नाही, म्हणूनच. सद्गुणी नाही, प्रसन्न नाही, पॉझिटिव्ह तर मुळीच नाही. तरी वाचली, कारण त्या दिवशी नळी फाटली नाही. मी हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू कधी म्हणणार तिच्यासारखं?" मी म्हटलं, "बाटली घासून झाली की."

कोल्फचं यंत्र तात्पुरत्या बिघाडासाठी होतं. कायमच्या बंद किडन्यांसाठी ते पुन्हा पुन्हा वापरायचं तर दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागायची, आणि शरीरात त्या मोजक्याच. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने हातात कायमची टेफ्लॉनची नळी बसवली. क्लाइड शील्ड्स नावाचा त्याचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगला. पण मशीन थोडी आणि माणसं पुष्कळ. तेव्हा कोणाला मशीन द्यायचं हे ठरवायला त्या शहरात सर्वसामान्य नागरिकांची एक समिती बसायची. अर्जदाराची नोकरी, मिळकत, मुलंबाळं, समाजातलं वागणं, सगळं बघायची. हे वाचलं तेव्हा नवऱ्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते. आठवड्यातले तीन अर्धे दिवस गैरहजर राहणारा माणूस त्यांना परवडत नव्हता. ते नीट बोलले, निरोप समारंभही केला. मी त्या समितीसमोर त्याची बाजू मांडून बघितली, मनातल्या मनात. मिळकत नाही. मूल एक. स्वभाव तापट. शब्दकोडी सोडवतो. माझी केस कच्ची होती.

आता हातात टेफ्लॉनची नळी नसते, फिस्टुला असतो. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी ही युक्ती प्रसिद्ध केली. मनगटातली धमनी आणि शीर शिवून एकमेकींना जोडायच्या. धमनीचा जोर शिरेत येतो, दीड-दोन महिन्यांत ती जाड, टणक होते आणि वर्षानुवर्षं सुया सोसते. नवऱ्याच्या डाव्या हातावर ती दोरखंडासारखी उठून दिसते. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर प्रेशर मोजायचं नाही, तो अंगाखाली घेऊन झोपायचं नाही. आणि रोज हात लावून बघायचं. आत रक्त धावत असेल तर बोटांना सतत थरथर लागते. डॉक्टर तिला 'थ्रिल' म्हणतात. कातडीखाली मांजर गुरगुरत असावं तसं. रोज रात्री झोपताना माझी तीन बोटं तिथे जातात. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या नवऱ्याच्या स्पर्शाने आपल्याला अजून थ्रिल येतं, असं मी मैत्रिणींना सांगते.

चौथ्या वर्षी एका रात्री बोटं ठेवली आणि काहीच नव्हतं. हात होता, शीर होती, मांजर नव्हतं. गुठळी झालेली. पहाटेपर्यंत धावपळ, सकाळी ती गुठळी काढली, पुन्हा गुरगुर सुरू झाली. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

किडनी द्यायला मी तयार होते. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, आणि माझ्याच तपासण्यांमध्ये मला मधुमेह निघाला. मला त्याचा पत्ताही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या आता तुमच्यासाठी राखून ठेवा." बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बरं झालं." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला माझ्या पोटावर सुरी नको होती, हे मला समजत होतं. पण माझी एकुलती एक भारी भेट परत आली होती आणि तो खूश होता.

मग सासूबाई पुढे आल्या. वय चौऱ्याहत्तर. "मी जन्माला घातलंय, मीच पुरं करते." वयामुळे त्यांना नाही म्हणून सांगितलं, ते त्यांना अजिबात पटलं नाही. दोन महिन्यांनी त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तो काळ मला सलग आठवत नाही. एका खोलीत वॉकर, दुसरीत वजनकाटा. ठेवी मोडल्या. मी पूर्णवेळ काम सोडून अर्धवेळ धरलं. लेकीचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष, तिने परीक्षाच दिली नाही. मला कळलं निकालाच्या दिवशी. मी आईपण गाजवत म्हणाले, "असं खचून कसं चालेल गं, आपण सगळ्यांनी..." तिने मधेच तोडलं. "आई, पुढचा शब्द बोललीस ना, तर मी घरातून निघून जाईन."

मी तो शब्दच बोलणार होते. माझ्या तोंडात तो कधी येऊन बसला, मला कळलं नव्हतं.

आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो. तिने सांगितलं की तिला बाबाचा राग येतो, आजीचा येतो, माझा तर रोज येतो, आणि राग आल्याची लाज वाटते. मी सांगितलं की मला तो झोपलेला असताना कधीकधी वाटतं, संपून जावं हे एकदाचं, आणि मग मी उठून त्याच्या मनगटाला हात लावून बघते. हे मी आधी कोणालाच बोलले नव्हते. तिने माझ्याकडे अविश्वासाने बघितलं आणि म्हणाली, "मग आपण आधी का नाही बसलो इथे?" तिने वर्ष पुन्हा केलं. सासूबाई काठीवर आल्या. जिना चालू आहे.

मरणोत्तर किडनीदानाच्या यादीत त्याचं नाव आहे. एकदा रात्री अकराला फोन आला. अशा वेळी जास्तीच्या पेशंटनाही बोलावून ठेवतात, पहिल्याचं ऐनवेळी जुळलं नाही तर. आम्ही तिसरे होतो. पहाटे चारपर्यंत पॅसेजमध्ये बसलो, मग "तुम्ही जा" म्हणाले. परतताना मला त्या पहिल्या दोघांचा हेवा वाटत होता, अगदी उघडा, ओंगळ हेवा. घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते या वेळी काय करत असतील?" हेवा गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं.

युनिटमध्ये कोपऱ्यातल्या खाटेवर एक काका असायचे. अकरा वर्षं डायलिसिसवर. उजव्या हाताला पेन्सिल, मांडीवर शब्दकोडं. अडलं की पलीकडे हाक मारायचे. एकदा काचेचं दार उघडं होतं, मला बाहेर ऐकू आलं.

"उभे, तीन अक्षरी. पाणी."

"सलिल," नवरा म्हणाला.

"मधलं अक्षर 'व' आहे."

बराच वेळ मशीनचे आवाज. मग नवरा म्हणाला, "जीवन."

"बसलं," काका म्हणाले. "किती मिलिलिटर?"

सगळं युनिट हसलं, सुया टोचलेले हात जपून. गेल्या वर्षी एका बुधवारी त्या खाटेवर दुसरं कोणीतरी होतं. कोणी काही विचारलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारपासून नवरा शब्दकोडं घेऊन जायला लागला. त्याला ते फारसं जमत नाही. आडव्यातली अक्षरं उभ्यात घुसवतो. शेजारच्या खाटेवरच्या नव्या मुलाला हाका मारून विचारत बसतो. त्या मुलाच्या मानेत अजून तात्पुरती नळी आहे, फिस्टुला तयार व्हायचाय. पहिल्या आठवड्यात तो कोणाशी बोलत नव्हता.

काल रात्री पावणेबारा वाजता मी स्वयंपाकघरात गेले तर नवरा ओट्याशी उभा. बाटली दिव्यासमोर धरून रेघ बघत होता.

"साठ मिलिलिटर उरलंय," तो म्हणाला. "उद्याच्या खात्यात ओढ."

"शिल्लक पुढे ओढता येत नाही. नियम तुझाच आहे."

"विशेष बाब म्हणून?"

"हिशेबनीस म्हणवतोस आणि..."

"बरं, बरं." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. खुर्ची ओढली, नीट बसला, आणि ते साठ मिलिलिटर एकेक घोट तोंडात घोळवत, बारा वाजायच्या आत प्यायला. मी घशाकडे बघितलं नाही. वहीत आकडा लिहून त्याने पेनाचं टोपण लावलं आणि बाटली घासायला माझ्याकडे सरकवली.